काकांचं विमान आणि बाहेरचा मेकॅनिक

पत्र

सप्रेम नमस्कार,

मी डॅलसजवळ राहतो. खासगी वैमानिकाचं लायसन्स मिळून दीड वर्ष झालं. आतापर्यंत क्लबचं विमान भाड्याने घेत आलो, आता स्वतःचं घ्यायचं मनात आहे. फ्लोरिडात समुद्राजवळ राहणारे एक काका आहेत, बाबांचे कॉलेजातले मित्र. त्यांचं १९७९ चं पायपर आर्चर विकायचं आहे, कारण डोळ्यांमुळे त्यांचं उडणं थांबलंय. ९५ हजार डॉलर म्हणतात. विमानाचे एकूण ६,३०० तास झालेत, पण इंजिन २००४ साली ओव्हरहॉल केलेलं, म्हणजे पूर्ण खोलून पुन्हा बांधलेलं, आणि त्यानंतर फक्त ४२० तास चाललेलं. शेवटच्या तीन वर्षांत तर मिळून नऊच तास. काका दर पंधरा दिवसांनी जाऊन इंजिन सुरू करून ठेवतात. ॲन्युअल, म्हणजे वार्षिक तपासणी, दोन महिन्यांपूर्वीच झालंय. विमानाच्या नोंदींचं पहिलं लॉगबुक मात्र हरवलंय. १९८८ पर्यंत विमान एका फ्लाइंग स्कूलकडे होतं, एवढंच काकांना ठाऊक आहे.

बाहेरच्या मेकॅनिककडून बघून घेऊ का, असं विचारल्यावर काका म्हणाले, "अरे, माझा मेकॅनिक पंधरा वर्षं हेच विमान बघतोय. चारशे डॉलरमध्ये तोच बघून देईल." बाबा म्हणतात, घरच्या माणसावर अविश्वास दाखवू नकोस. बायको म्हणते, बाहेरच्याने तपासल्याशिवाय मी त्यात बसणार नाही. दुसरं गिऱ्हाईकही आहे म्हणे. काय करू?

एक वाचक

उत्तर

बायकोचं ऐका.

कमी चाललेलं इंजिन, ताजं ॲन्युअल आणि पंधरा वर्षांचा मेकॅनिक या तीन गोष्टी तुम्ही जमेच्या बाजूला मांडल्या आहेत. मला त्यातली एकही जमेची वाटत नाही. उलट या तिन्हींमुळेच बाहेरच्या माणसाने ते विमान उघडून बघायला हवं. काका काही लपवताहेत असं मला मुळीच सुचवायचं नाही. त्यांच्या विमानाच्या पोटात काय चाललंय हे त्यांनाही माहीत नसावं, असा माझा अंदाज आहे.

आधी मेकॅनिकचं बघू. पुण्यात फ्लॅट घेताना सर्च रिपोर्ट आपण बिल्डरच्या वकिलाकडून घेत नाही, मग बिल्डर सख्खा मामा का असेना. काकांचा मेकॅनिक कदाचित उत्तम कारागीर असेल. पण गेली पंधरा वर्षं दरवर्षी त्यानेच विमान उडण्यायोग्य आहे म्हणून सही केली आहे. आज त्याला जुना गंज दिसला, तर तो तुम्हाला दाखवताना त्याला स्वतःच्या सहीवरच बोट ठेवावं लागेल. त्यातून त्याचं गिऱ्हाईक काका, तुम्ही नाही. आणि तीच जागा वर्षानुवर्षं बघितली की डोळा सरावतो, हे आमच्या धंद्यातलं जुनं दुखणं आहे. मात्र त्याला टाळू नका. त्याला फोन करा आणि एवढंच विचारा की हे विमान त्याने स्वतःच्या पैशाने घेतलं असतं, तर पहिल्या वर्षी कशावर खर्च केला असता. या प्रश्नाला माणसं बहुतेक वेळा खरं उत्तर देतात.

आता ॲन्युअल. अमेरिकेत खासगी विमानाची दर बारा कॅलेंडर महिन्यांनी तपासणी व्हावी लागते आणि त्यावर इन्स्पेक्शन ऑथरायझेशन, म्हणजे तपासणीचा खास अधिकार, असलेल्या मेकॅनिकची सही लागते. काय काय बघायचं हे नियमात दिलेलं आहे. त्या दिवशी विमान कायद्याच्या किमान कसोटीला उतरलं, एवढं ती सही सांगते. पुढच्या वर्षी तुमच्या खिशाला किती मोठं भोक पडणार, हे ती सांगत नाही. सांगायचं तिचं कामही नाही.

याउलट खरेदीपूर्व तपासणी, जिला इथे सगळे प्री-बाय म्हणतात, ती एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या, नियमांत कुठेच नाही. तिची व्याख्या नाही, फॉर्म नाही, किमान यादीही नाही. एकाची प्री-बाय म्हणजे टॉर्च घेऊन विमानाभोवती दोन तास फेरी, दुसऱ्याची म्हणजे दोन दिवस सीटा, पॅनल आणि काउलिंग (इंजिनावरचं झाकण) काढून केलेली झडती. चारशे डॉलरमध्ये कुठली मिळेल ते तुम्हीच ओळखा. म्हणून काय उघडायचं, काय मोजायचं, कशाचे फोटो काढायचे हे तुम्ही आणि तुमचा मेकॅनिक मिळून आधी कागदावर लिहा आणि त्यावर काकांचीही संमती घ्या. विमान अजून त्यांचं आहे. परवानगीशिवाय त्याचा एक स्क्रूही काढता येत नाही.

त्याच कागदावर आणखी एक वाक्य लिहा: ही तपासणी ॲन्युअल नाही. पुष्कळ जण हुशारी करून प्री-बायच्या ऐवजी नवं ॲन्युअलच करायला सांगतात, म्हणजे एका दगडात दोन पक्षी. पण ॲन्युअल म्हणून हात घातला आणि गंभीर दोष निघाला, तर मेकॅनिकला तशी नोंद करून मालकाला दोषांची यादी द्यावी लागते. मग दुरुस्ती होईपर्यंत किंवा एफएएचा खास परवाना मिळेपर्यंत विमान जागचं हलत नाही. विकायला काढलेलं विमान दुसऱ्याच्या मेकॅनिकने जमिनीवर बसवलं, तर काकांना राग येणं रास्तच आहे. तपासणी प्री-बाय म्हणून सुरू करा. सौदा पक्का झाला, तर तिथूनच पुढे ॲन्युअल पूर्ण करून घेता येतं.

इंजिनबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण या सौद्यातला सर्वांत मोठा आकडा तिथे दडलेला आहे.

आर्चरमध्ये लायकमिंगचं १८० हॉर्सपॉवरचं ओ-३६० इंजिन असतं. दणकट, इमानी इंजिन. लायकमिंग त्याला ओव्हरहॉलसाठी २,००० तास सांगते, पण लोक त्या वाक्याचा उत्तरार्ध विसरतात: किंवा बारा वर्षं, जे आधी होईल ते. खासगी वापरात ही मुदत कायद्याने बंधनकारक नाही. तरी बारा वर्षं हा आकडा उगाच घातलेला नाही. या इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, क्रँकशाफ्टच्या वर बसवलेला असतो आणि त्याला तेल मिळतं ते मुख्यतः उडणाऱ्या शिंतोड्यांतून. विमान उभं राहिलं की तेल निथळून खाली जातं आणि कॅम कोरडा पडतो. फ्लोरिडाच्या खाऱ्या दमट हवेत रात्री गारवा आला की त्या उघड्या पोलादावर पाणी धरतं. कॅमच्या उंचवट्यांवर आणि त्यांवर टेकणाऱ्या टॅपेटच्या तोंडांवर गंजाचे बारीक खड्डे पडतात. पुढे विमान नियमित उडू लागलं की त्या खड्ड्यांपासून वरचा कठीण थर सुटायला लागतो आणि लोखंडाचा चुरा तेलात उतरतो. विकत घेतल्यावर पहिल्याच वर्षी इंजिन बसलं अशा ज्या कथा ऐकू येतात, त्यांतल्या बऱ्याच अशा असतात. आदला मालक उडवत नव्हता आणि नव्याने हौसेने उडवायला सुरुवात केली.

काकांचं दर पंधरा दिवसांनी इंजिन सुरू करणं हे प्रेमापोटी आहे, पण त्याने बिघडतंच जास्त. जमिनीवर दहा-पंधरा मिनिटं चालवून तेल पुरेसं तापत नाही. ज्वलनातून तयार झालेलं पाणी उडून न जाता तेलातच राहतं. खरं तर हात न लावता नीट प्रिझर्व्ह करून ठेवलं असतं तर बरं होतं. हे काकांना ऐकवू नका, आता उपयोग नाही.

मग बघायचं काय? कॉम्प्रेशन टेस्ट तर प्रत्येक मेकॅनिक करतोच: गरम इंजिनाच्या एकेका सिलिंडरमध्ये ८० पीएसआय दाबाने हवा भरायची आणि किती टिकते ते वाचायचं. ८० पैकी ७४, ८० पैकी ७६ असे आकडे लिहिलेले दिसले की घेणारा खूश होतो. आकड्यापेक्षा हवा कुठून सुटते ते ऐकायला सांगा. एक्झॉस्टच्या नळीतून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, तेल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा. बोअरस्कोप, म्हणजे नळीसारखा बारीक कॅमेरा, आत घालून प्रत्येक व्हॉल्व्हचा फोटो घ्यायला सांगा. चांगल्या व्हॉल्व्हच्या तोंडावरचे रंग मधोमध गोलाकार असतात. जळायला लागलेल्याचा एका कडेला वेगळा डाग दिसतो, आणि तो कॉम्प्रेशन घसरायच्या बराच आधी दिसतो.

पण कॅमचं दुखणं कॉम्प्रेशनमध्ये दिसत नाही. तेलाचा फिल्टर कापून त्यात लोखंडाचे कण बघतात, तेही कराच. मात्र शेवटच्या तीन वर्षांत नऊ तास चाललेल्या इंजिनाच्या फिल्टरमध्ये सापडून सापडणार काय? तुमच्या बाबतीत स्वच्छ फिल्टर हा पुरावा नाही. म्हणून रॉकर कव्हर काढून डायल इंडिकेटरने आठही व्हॉल्व्हांची उचल मोजायला सांगा. एखाद्याची कमी भरली, तर त्या जागचा कॅम झिजलाय. आणि काका तयार झाले तर एक सिलिंडर उतरवून कॅम प्रत्यक्ष डोळ्यांनी बघायचा. हे जोखमीचं काम आहे आणि बरेच विक्रेते नाही म्हणतात. त्यांचंही चुकत नाही, कारण सिलिंडर नीट परत बसवला नाही तर नवीनच संकट. काका नाही म्हणाले तर वाद घालू नका, किमतीत बोला. आज या इंजिनाचं चांगलं ओव्हरहॉल ३० हजार डॉलरच्या खाली होत नाही. मी या इंजिनाची किंमत शून्य धरणार नाही, पण ४२० तासांच्या इंजिनाचीही धरणार नाही.

प्रॉपेलर कधी जमिनीला लागला होता का, हेही लॉगमध्ये शोधा. लायकमिंगला प्रॉप-स्ट्राइकनंतर क्रँकशाफ्टच्या मागच्या गिअरची आणि त्याच्या बोल्टची तपासणी सक्तीची आहे. एखाद्या वर्षी प्रॉपेलर अचानक बदललेला दिसला आणि इंजिनच्या लॉगमध्ये त्याबद्दल चकार शब्द नसला, तर थांबा.

आता हरवलेलं लॉगबुक. बाबांना हे कागदी खुसपट वाटेल, पण नेमकं याच जातीच्या विमानात ते कागदी नाही.

४ एप्रिल २०१८ रोजी फ्लोरिडातल्याच डेटोना बीचला एम्ब्री-रिडल विद्यापीठाच्या एका पायपर ॲरोचा, म्हणजे आर्चरच्याच घराण्यातल्या विमानाचा, डावा पंख हवेत तुटला. विद्यार्थी आणि परीक्षक दोघेही गेले. पंखाच्या मुख्य स्पारमध्ये, म्हणजे पंखाचा भार पेलणाऱ्या तुळईत, खालच्या बोल्टच्या भोकापाशी धातू थकून तडा गेला होता. त्यानंतर एफएएने एअरवर्दिनेस डिरेक्टिव्ह, म्हणजे सुरक्षिततेसाठीचा सक्तीचा आदेश, काढलं, त्याचा क्रमांक २०२०-२६-१६. त्या यादीत आर्चरही आहे. सगळ्या विमानांचे बोल्ट काढायचे नाहीत, तर ज्यांनी जास्त मार खाल्लाय त्यांचेच, आणि मार किती खाल्लाय ते ठरवायला एक हिशोब दिलाय. शंभर-तासी तपासणी भाड्याच्या आणि शिकवणीच्या विमानांनाच लागते. म्हणून लॉगमध्ये अशा तपासण्या किती आहेत ते मोजायचं आणि त्या संख्येला शंभरने गुणायचं. एकूण तासांतून ते वजा करून उरलेल्याला १७ ने भागायचं. दोन्हींची बेरीज ५,००० झाली की स्पारच्या खालच्या बोल्टांची भोकं एडी करंटने, म्हणजे विजेच्या साहाय्याने बारीक तडे शोधून, तपासावी लागतात.

तुमच्या ६,३०० तासांवर हे करून बघा. विमान जन्मभर खासगी मालकाकडे असतं, तर ६,३०० भागिले १७, म्हणजे जेमतेम ३७१. पण १९८८ पर्यंत फ्लाइंग स्कूलमध्ये त्याच्या ५० शंभर-तासी झाल्या असतील, तर ५,००० अधिक १,३०० भागिले १७, म्हणजे ५,०७६. तेच विमान, तेच तास, पण एका हिशोबाने काळजी नाही आणि दुसऱ्याने बोल्ट काढायचे. यातलं खरं कुठलं ते सांगणारं लॉगबुकच हरवलंय. नोंदी अपुऱ्या आहेत म्हणून या डिरेक्टिव्हमधून सुटका होत नाही, उलट अपुऱ्या नोंदी असलेली विमानं त्यात मुद्दाम धरली आहेत. तेव्हा काकांच्या मेकॅनिकने याबद्दल काय नोंद केली आहे ती शब्दशः वाचा. "लागू नाही" असं लिहिलं असेल, तर कुठल्या आकड्यांवरून ते त्याला विचारा. आणि तपासणी करायचीच झाली, तर अशी तपासणी याआधी केलेल्या अनुभवी माणसाकडूनच करवा. ते बोल्ट काढताना भोकाला चरा पडला तर चांगला स्पार हातचा जातो.

समुद्राकाठचं विमान आहे, तेव्हा गंजही बघायचाच. मागची सीट काढून स्पारची पेटी आणि बोल्ट, पंखाखालची तपासणीची झाकणं, स्टॅबिलेटरचे (शेपटीच्या आडव्या, हलणाऱ्या पंखाचे) बिजागर. आर्चरच्या पेट्रोलच्या टाक्या पंखाच्या पुढच्या कडेतच बसतात आणि स्क्रू काढून बाहेर येतात. त्यांच्यामागचा स्पार टाकी काढल्याशिवाय धड दिसत नाही. विमान कोरड्या ॲरिझोनात वाढलं असतं तर मी हा खर्च सुचवला नसता. इथे सुचवते.

रंग, गाद्या, रेडिओ यांच्यावर वेळ घालवू नका. ते तुम्हाला डोळ्यांनी दिसतं. एडीएस-बी आउट (विमानाची जागा सतत कळवणारं यंत्र) बसवलंय आणि ट्रान्सपॉन्डरची (रडारला उत्तर देणाऱ्या यंत्राची) २४ महिन्यांची तपासणी झालीये एवढं बघा, झालं.

मेकॅनिक शोधताना पायपरवर रोज हात चालणारा हवा आणि काकांच्या विमानतळावरचा नको. लहान विमानतळावर सगळ्यांचे सगळ्यांशी लागेबांधे असतात. एओपीए या वैमानिक-विमानमालकांच्या संघटनेत किंवा पायपरमालकांच्या संघटनांमध्ये विचारलंत तर नावं मिळतात. मेकॅनिकलाच विमानापाशी बोलवा. इतके दिवस झोपलेलं इंजिन घेऊन दुसऱ्या गावी उडत जायला मी कुणाला सांगणार नाही. दोन दिवसांची मजुरी, येण्या-जाण्याचा खर्च, तेलाची प्रयोगशाळेतली तपासणी धरून दीड-दोन हजार डॉलर होतील, टाक्या काढल्या तर त्याहून जास्त. हा खर्च घेणाऱ्याचा. उडण्यायोग्यतेला बाधा आणणारा दोष निघाला तर दुरुस्ती विकणाऱ्याने करायची किंवा किंमत कमी करायची, आणि दिसण्या-सजण्याच्या गोष्टी घेणाऱ्याने सोसायच्या, अशी इथली सर्वसाधारण रीत आहे. पण रीत म्हणजे करार नव्हे. दोन पानी करार करा, बयाणा एस्क्रोमध्ये, म्हणजे त्रयस्थाकडे, ठेवा, आणि अहवाल पसंत पडला नाही तर बयाणा परत, हे त्यात स्वच्छ लिहा. लेखी झालं की दुसऱ्या गिऱ्हाइकाचा प्रश्नही मिटतो, कारण तेवढे दिवस विमान तुमच्यासाठी राखलेलं असतं. काका बयाणा घ्यायला नको म्हणतील, "आपल्यात कसलं आलंय?" म्हणतील. तरी द्या. भीड ही भिकेची बहीण, असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत.

काकांना कसं सांगायचं हे तुमचं खरं कोडं आहे. "ही ऐकत नाही हो" म्हणून बायकोवर ढकलू नका. मंडळाच्या दिवाळीत काकू तिलाच भेटणार आहेत. थेट लिहा:

"काका, विमान मला आवडलंय आणि घ्यायची मनापासून इच्छा आहे. घेण्याआधी बाहेरच्या एका पायपरवाल्या मेकॅनिककडून बघून घेतो. काय काय बघणार त्याची यादी आधी तुम्हाला पाठवतो, तुम्ही हो म्हणाल तेवढंच उघडू. खर्च सगळा माझा. तुमचा मेकॅनिक त्या दिवशी हजर राहिला तर फार बरं होईल, त्याच्याइतकी विमानाची माहिती कुणालाच नाही. अहवालाची प्रत तुम्हालाही देतो. सौदा नाही झाला तरी ती तुमच्या कामी येईल."

माझा अनुभव असा की जुने वैमानिक याने दुखावत नाहीत. स्वतः विमान घेताना त्यांनीही हेच केलेलं असतं. आणि समजा काका दुखावलेच, तर ते आत्ता दुखावलेले बरे. सहा महिन्यांनी तुमच्या हातात ३० हजारांचं बिल असेल आणि बाबा दोघांच्या मध्ये उभे असतील, त्यापेक्षा हे स्वस्त.

कामाचा क्रम मात्र खर्चाप्रमाणे लावा, स्वस्त ते आधी. उरलेल्या सगळ्या लॉगबुकांची पानन् पान स्कॅन करून मागवा आणि मेकॅनिकला घरबसल्या वाचायला द्या. निम्मी विमानं तिथेच गळतात. एन-नंबर, म्हणजे विमानाचा नोंदणी क्रमांक, टाकून एनटीएसबी या अपघात तपासणाऱ्या मंडळाच्या नोंदींत जुना अपघात आहे का बघा. ओक्लाहोमा सिटीच्या एफएए रजिस्ट्रीतून विमानाची संपूर्ण फाइल मागवा, अगदी थोड्या पैशांत मिळते. तिच्यात मोठ्या दुरुस्त्यांचे ३३७ नंबरचे फॉर्म असतात आणि पहिल्यापासूनच्या सगळ्या मालकांची साखळी असते. टायटल सर्चही तिथूनच होतं. विमानावर कुणाचं कर्ज नोंदलेलं असलं तर ते मालकाबरोबर जात नाही, विमानाबरोबर तुमच्या गळ्यात येतं.

त्या साखळीत १९८८ पर्यंतच्या फ्लाइंग स्कूलचं नाव सापडेल. स्कूल आज नसेलही, पण त्यांच्याकडून विमान विकत घेणाऱ्या माणसाचं नाव पुढच्याच कागदावर असेल. त्याला पत्र टाका. जुनी लॉगबुकं पुष्कळदा हरवलेली नसतात, आधीच्या मालकाच्या गॅरेजमध्ये एखाद्या खोक्यात पडलेली असतात. ते लॉगबुक सापडलं तर शंभर-तासी मोजून मला कळवा. ५० च्या आसपास निघाल्या तर मेकॅनिकला बोलवायच्या आधी काकांशी किमतीचं बोलावं लागेल.